खाण थांबलेल्या गावाचं संग्रहालय: कोकणच्या पावसात टिकेल असं

कोकणातल्या गावसंग्रहालयाची खरी परीक्षा दुसऱ्या पावसाळ्यात होते. पहिला पाऊस नवा रंग, नवी कपाटं आणि मंडळींचा उत्साह यांच्या बळावर निभावून जातो. दुसऱ्या आषाढात कपाटामागच्या भिंतीला ओल येते, हजेरीच्या मस्टरवर काळे ठिपके उमटतात, पहारीवर नारिंगी पूड दिसू लागते. ती पहार कोणाच्या घरातून आली हे ज्याला तोंडपाठ होतं तो माणूस तोवर मुलाकडे मुंबईला गेलेला असतो. म्हणून इथे कामाचा क्रम वेगळा धरला आहे: आधी नोंदवही, मग कोरडी जागा, मग वस्तू. काचेची कपाटं सर्वांत शेवटी.

खाणगावाचं संग्रहालय म्हटलं की कोळशाची डोंगरगावं डोळ्यांसमोर येतात. वेल्समधल्या ब्लेनाव्हन गावची बिग पिट ही कोळशाची खाण १९८० मध्ये बंद झाली आणि १९८३ मध्ये लोकांना पाहण्यासाठी उघडली. तिथे खाणीत राबलेली माणसंच पाहुण्यांना ९० मीटर खाली नेऊन आपलं काम समजावू लागली. कोकणात कोळसा नाही, राज्यातला कोळसा विदर्भात आहे. आपल्याकडे रेडी आणि कळणे इथलं लोहखनिज, कासार्डे भागातली सिलिका वाळू, रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तरेकडचं बॉक्साइट आणि सड्यासड्यांवरच्या, म्हणजे जांभ्याच्या माळांवरच्या, चिरेखाणी. या साऱ्या उघड्या खाणी. त्यामुळे प्लास्टरचं खोटं भुयार आणि त्यात लाल दिवा असला देखावा आपल्याकडे करू नये. बिग पिटकडून घ्यायची गोष्ट एकच, ज्यानं काम केलं त्यानं ते सांगावं.

एक वाक्य आणि एक संस्था

चार-पाच जणांनी बसून संग्रहालय कशाबद्दल आहे ते एका वाक्यात लिहावं. उदाहरणार्थ, ‘सड्यावरून खनिज निघायच्या आधीचं, निघत असतानाचं आणि थांबल्यानंतरचं आमचं गाव.’ या वाक्याचा खरा उपयोग नकार देताना होतो. संग्रहालय होणार अशी बातमी पसरली की समया, घागरी, जाती, पाटे-वरवंटे यांचा ओघ लागतो आणि दोन महिन्यांत खोली भरून जाते. एका प्रकारच्या दोनच वस्तू घ्याव्यात: एक ज्याची हकीकत पूर्ण मिळते ती, दुसरी जी उत्तम स्थितीत आहे ती. बाकीच्यांचा फोटो आणि माहिती घेऊन वस्तू घरीच राहू द्यावी. घरी वापरात असलेलं घिरट (भात भरडायचं मोठं जातं) संग्रहालयात धूळ खाणाऱ्या घिरटापेक्षा जास्त टिकतं.

संस्थेसाठी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान ७ सभासद लागतात. १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदणी करून घ्यावी, ती धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात होते. जागा शाळेची, ग्रामपंचायतीची किंवा खाणीच्या जुन्या कचेरीची असली तर तोंडी परवानगीवर एक खिळाही ठोकू नये. ग्रामसभेचा ठराव, जागेच्या मालकाशी लेखी करार आणि संस्था बंद पडली तर वस्तू कोणाकडे जातील याचं एक कलम, हे तिन्ही कागद पहिल्याच महिन्यात हवेत. शेवटचं कलम बहुतेक ठिकाणी राहून जातं. मग दहा वर्षांनी पदाधिकारी बदलले की वस्तू एकेकाच्या माडीवर जातात.

काही वस्तू दारात आल्या तरी घ्यायच्या नाहीत. सांबराची शिंगं, बिबट्याचं कातडं, कासवाची पाठ यांना १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. ठासणीच्या बंदुकीला शस्त्रपरवाना लागतो. जमिनीत सापडलेली नाणी १८७८ च्या निखात निधी कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागतात. शंभर वर्षांपलीकडच्या मूर्ती आणि शिल्पं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतात, हस्तलिखितांना ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. माळावर पडलेली वीरगळ किंवा सतीशिळा उचलून संग्रहालयात आणणं हा तर दुहेरी घात: कायदा मोडतो आणि ती कुठल्या वाटेवर, कोणत्या दिशेला तोंड करून उभी होती ही माहिती कायमची जाते. जागेवरच फोटो घ्यावा, मापं घ्यावीत आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला कळवावं. पूजेतल्या वस्तूंचंही तसंच. रेडीच्या खाणीत १९७६ मध्ये गणपतीची मूर्ती मिळाली, आज तिचं देऊळ आहे आणि तिची जागा तीच. संग्रहालयाचं काम ती सापडल्याची हकीकत नोंदवण्याचं.

आता सर्वांत महत्त्वाचा इशारा. खाणकामगारांच्या घरात, पडवीच्या वाशात किंवा जुन्या पेटीत सुरुंगाची केप (स्फोट सुरू करणारी छोटी धातूची नळी), वात किंवा जिलेटिनची स्फोटक कांडी निघू शकते. केप जुनी झाली की निकामी होते हा समज चुकीचा आहे. नायट्रोग्लिसरीन असलेल्या जुन्या कांड्यांतून तेलासारखे थेंब बाहेर येतात आणि मग नुसत्या धक्क्यानेही स्फोट होऊ शकतो. हात लावायचा नाही, फोटोसाठी हलवायची नाही, खोली रिकामी करून पोलिसांना कळवायचं. ते बॉम्बनाशक पथक बोलावतात. वस्तू गोळा करायला जाणाऱ्या प्रत्येक पोराला हे पहिल्या दिवशी सांगा.

काम कोणत्या महिन्यात

दिवाळीनंतर घरोघर फिरून नोंदी सुरू कराव्यात. त्या वेळी हवा कोरडी असते, भातकापणी उरकलेली असते, माणसं बसून बोलतात. खोलीची दुरुस्ती फेब्रुवारी ते एप्रिल. कौलं चाळून घेणं, पन्हळ बसवणं, भोवतीचा चर खणणं, सगळं मे अखेर संपलं पाहिजे. मृगाच्या आधी खोली बंद करून पहिल्या पावसात तिथे एकही अस्सल कागद ठेवायचा नाही. त्या चार महिन्यांत खोलीचा ओलावा रोज मोजायचा, एवढंच. उद्घाटनाची घाई करणाऱ्यांना हे पटत नाही, पण या एका पावसाच्या आकड्यांवरून पुढची सगळी खरेदी ठरते.

गणपती, शिमगा आणि मे महिना हे चाकरमानी गावी असण्याचे दिवस. जुन्या फोटोतली माणसं ओळखून घ्यायला गणपतीसारखी वेळ नाही, कारण तीन पिढ्या एकाच ओटीवर बसलेल्या असतात. अस्सल फोटो मात्र फिरवू नका. त्याची मोठी साधी प्रत काढा, चेहऱ्यांवर आकडे घाला आणि खाली पेन्सिलीने नावं लिहून घ्या.

नोंदवही

वस्तू दारातून आत आली की त्याच दिवशी तिला क्रमांक मिळाला पाहिजे. सोपी पद्धत तीन भागांची: वर्ष, त्या वर्षातलं कितवं दान, त्या दानातली कितवी वस्तू. २०२५.७.३ म्हणजे २०२५ सालच्या सातव्या दात्याची तिसरी वस्तू. एकदा दिलेला क्रमांक पुन्हा कधीच दुसऱ्या वस्तूला द्यायचा नाही, मूळ वस्तू हरवली तरीही.

वही पक्क्या बांधणीची, पानांवर छापील आकडे असलेली घ्यावी. रकाने असे: क्रमांक, तारीख, वस्तूचं गावातलं नाव, दुसरं नाव असल्यास ते, कशाची, लांबी-रुंदी-उंची सेंटिमीटरमध्ये, स्थिती, कोणी वापरली, कुठे, कशासाठी, कोणाकडून आली, दान की ठेव, आता कुठल्या फळीवर. गावातलं नाव पहिल्यांदा. व्हायन, रोवळी, इरलं, कणगी हे शब्द वापरणारी माणसं कमी होत चालली आहेत. ‘धान्य साठवण्याचं भांडं’ असं लिहून ठेवलं तर शब्दही गेला आणि कणगीही गेली. खाणीतले शब्द तर कुठेच लिहिलेले नसतात. मुकादम ज्याला जे म्हणायचा ते तसंच लिहा.

‘ठेव’ म्हणून वस्तू घेणं शक्यतो टाळा. घ्यावीच लागली तर परतीची तारीख घालून घ्या, एक वर्ष किंवा दोन. तारखेशिवाय ठेवलेल्या वस्तूवरून पुढच्या पिढीत भांडण ठरलेलं. दानपत्राच्या दोन प्रती करून एक दात्याला द्यावी. वस्तू कायमची दिली आहे, तिचे फोटो छापायला हरकत नाही आणि दात्याचं नाव लावायचं की नाही, हे तीन मुद्दे त्यात आले की पुरे.

क्रमांक वस्तूवर टाकण्याची पद्धत वस्तूप्रमाणे बदलते. धातू, दगड, चिनीमाती यांवर न दिसणाऱ्या जागी पॅरालॉइड बी-७२ या राळेचा ॲसिटोनमध्ये केलेला २० टक्के द्राव, म्हणजे १०० मिलीला २० ग्रॅम, बोटाच्या पेराएवढा लावावा. अर्ध्या तासाने त्यावर बारीक काळ्या शाईने आकडा लिहून वर दुसरा थर द्यावा. पुढे कधी काढायचा झाला तर ॲसिटोनने पुसला जातो. कापडाला सुती नाडीवर क्रमांक लिहून ती दोन टाक्यांनी शिवायची. कागद आणि फोटो यांना फक्त मऊ २बी पेन्सिल, मागच्या बाजूला, काठाशी. चिकट स्टिकर पहिल्या श्रावणातच सुटतो आणि गोंदाचा डाग ठेवून जातो, आणि सैल कागदी चिठ्ठी कसर खाऊन टाकते. वहीचे फोटो दर महिन्याच्या शेवटी काढून दुसऱ्या गावात राहणाऱ्या सभासदाकडे पाठवावेत. संगणकावरची यादी शोधायला सोयीची, पण ती वहीची जागा घेत नाही.

कागदावर तारीख नसेल तेव्हा या खुणा उपयोगी पडतात. पत्त्यात पिनकोड असेल तर कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. हिशेबात ‘नये पैसे’ असतील तर १ एप्रिल १९५७ नंतरचा, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली, आणि १९६४ पासून ‘नये’ हा शब्द गळला. कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी यांच्यापुढे छापील ‘जि. सिंधुदुर्ग’ असेल तर १ मे १९८१ नंतरचा. पण उलट बाजूने हा नियम चालवू नका. जुनी छापील पावतीपुस्तकं संपेपर्यंत वापरली जातात, त्यामुळे ‘जि. रत्नागिरी’ छापलेली पावती १९८४ ची असू शकते. खुणेवरून काढलेली तारीख वहीत ‘अंदाजे’ म्हणून आणि कारणासह लिहावी.

खोली

१२ बाय १८ फुटांची एक कोरडी खोली तीन दमट दालनांपेक्षा बरी. जोतं किमान दोन फूट उंच हवं. चिऱ्याची भिंत देखणी असते, पण चिरा म्हणजे जांभा दगड, आणि तो सच्छिद्र आहे. जमिनीतलं पाणी तो वर ओढतो आणि झडीचं पाणी बाहेरून पितो. त्यावर आतून सिमेंटचा गिलावा आणि ऑइलपेंट लावला की पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. ते क्षार घेऊन रंगामागे साठतं आणि पोपडे सुटतात. आतून चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच रंग द्यावा. बाहेर पावसाच्या बाजूला पडवी असेल तर फार चांगलं, नसेल तर झाप्यांची, म्हणजे विणलेल्या झावळ्यांची, आड दर वर्षी बांधावी. पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायाशी पडता कामा नये. पन्हळीने ते बाजूला न्या आणि भिंतीपासून दोन-तीन फुटांवर उताराचा चर ठेवा.

छपराला मंगलोरी कौलं असतील तर ती काढून पत्रा घालण्याचा मोह टाळावा. पत्रा दिवसा तापतो, रात्री गार पडतो आणि आतल्या बाजूने पाणी ठिबकतं. कौलं ठेवावीत, चैत्र-वैशाखात चाळून फुटकी बदलावीत आणि खाली लाकडी फळ्यांचा माळा घालावा. माळ्यामुळे दोन कामं होतात: निसटलेल्या कौलाचा थेंब थेट वस्तूवर पडत नाही आणि खोलीतली हवा थोडी तरी बंदिस्त राहते. माळ्यावर सामान ठेवायचं नाही. तिथे उंदीर येतात आणि गळती दिसत नाही.

कपाट भिंतीपासून १० सेंटिमीटर, खालची फळी जमिनीपासून १५ सेंटिमीटर. एवढ्या फटीतून हवा खेळते, बॅटरी मारता येते आणि वाळवीचं मातीचं नळकांडं वेळीच दिसतं. कपाटाचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवण्याची घरगुती रीत इथे नको, त्याने खोलीतला ओलावा वाढतो. वाळवीचं औषध जमिनीत आणि जोत्यात, परवानाधारकाकडूनच. वस्तूंवर फवारणी कधीही नाही. डांबरगोळ्याही नकोत, त्यांची वाफ माणसालाही वाईट आणि काही प्लास्टिकलाही. कडुनिंबाचा पाला आणि वेखंड ठेवायची असतील तर कापडी पुरचुंडीत, कागदाला न टेकता. पाल्याचा डाग जात नाही.

खिडक्यांबाबत एक गैरसमज आहे. पावसात ‘हवा येऊ दे’ म्हणून त्या उघड्या ठेवल्या तर बाहेरची ९० टक्के आर्द्रतेची हवाच आत येते. पावसाळ्यात खिडक्या बंद, आत छताचा पंखा मंद गतीने चालू आणि उघडीप पडून बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा कमी दिसेल तेव्हाच दोन तास खिडक्या उघड्या. त्यासाठी आर्द्रतामापक दोन हवेत, एक आत आणि एक पडवीत. स्वस्त मापक घेतला तरी चालतो, पण आधी तपासा. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, ते चिखलासारखं होईल इतकेच पाण्याचे थेंब घाला. झाकण आणि मापक एका घट्ट पिशवीत १२ तास ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ८० आला तर तो मापक ५ ने जास्त दाखवतो असं त्याच्या पाठीवरच लिहून टाका.

हवेची आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर सलग राहिली की बुरशीला संधी मिळते. कौलारू खोली आषाढ-श्रावणात ६५ च्या खाली ठेवणं यंत्राशिवाय जमत नाही, आणि वीज गेली की यंत्रही थांबतं. म्हणून अख्खी खोली कोरडी करण्याच्या मागे लागण्याऐवजी डबे कोरडे ठेवावेत.

कोरडे डबे

झाकणाला रबरी कड असलेले, पॉलिप्रॉपिलीनचे ४० ते ५० लिटरचे डबे घ्या. सिलिका जेलचा, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या दाण्यांचा, संग्रहालयांतला जुना हिशेब एक घनमीटर हवेला २० किलो असा आहे, म्हणजे ५० लिटरच्या डब्याला १ किलो. बुटाच्या खोक्यातल्या चार पुड्यांनी काही होत नाही, इथेच बहुतेकांची फसगत होते. जेल नारिंगी रंगाचं घ्यावं, ते ओलावा भरला की हिरवं होतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, ते हाताळायला घातक. हिरवं झालेलं जेल ट्रेमध्ये पातळ पसरून ११० ते १२० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन-तीन तास ठेवलं की पुन्हा नारिंगी होतं. जास्त तापवलं तर रंग करपतो आणि मग कळत नाही. झाकणाच्या आत छोटा मापक चिकटवा, म्हणजे डबा न उघडता आकडा दिसेल.

लोखंडाच्या डब्यात हवा जितकी कोरडी तितकी चांगली, ४० टक्क्यांच्या खाली. कागद आणि कापड ४५ ते ५५ मध्ये बरं राहतं. लाकूड आणि चामडं मात्र ताज्या जेलबरोबर घट्ट डब्यात कोंडू नका. वर्षानुवर्षं कोकणच्या हवेत राहिलेलं लाकूड एकदम वाळलं की तडकतं. त्यांना उघडी फळी, सुती आच्छादन आणि पंख्याची हवा पुरते. भुंग्याचं पीठ पडत असेल तर वस्तू दोन पिशव्यांत हवाबंद करून उणे १८ अंशांखाली दोन आठवडे गोठवायची, आणि बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर गार वस्तूवर पाणी जमतं. बंदराजवळ मासळीची शीतगृहं असतात, तिथे ओळखीने एखादा कोपरा मिळतो. दोन पिशव्यांमुळे वासही लागत नाही. रंगवलेलं किंवा शिंपल्याचं जडावकाम असलेलं लाकूड गोठवू नये.

लोखंड: पहार, टिकाव, घमेलं, जॅकहॅमर

खाऱ्या वाऱ्याच्या गावात लोखंड सर्वांत आधी जातं. मिठातला क्लोराईड गंजाच्या आत शिरून बसतो, म्हणून वरून चकचकीत केलेली पहार सहा महिन्यांत पुन्हा फुलते. पॉलिश पेपर, चिंच, लिंबू, गंज काढायचं बाजारी आम्ल यांतलं काहीच वापरायचं नाही. त्याने मुठीजवळची झीज, लोहाराच्या हातोडीच्या खुणा, ठोकलेला कंपनीचा शिक्का हे सगळं पुसलं जातं, आणि वस्तूची माहिती तिथेच असते.

काम मार्चच्या कोरड्या दिवशी करावं. नायलॉनच्या ब्रशने सुटा गंज झाडा, मग स्पिरिटने पुसून एक तास उन्हात ठेवा. एक लिटर शुद्ध पाण्यात ३० ग्रॅम टॅनिक ॲसिड आणि ५० मिली स्पिरिट घालून ढवळा. ताठ ब्रशने पातळ थर चोळून लावा, हवेत पूर्ण वाळू द्या, असे तीन थर. नारिंगी गंज निळसर काळा होतो, तो झाला म्हणजे काम जमलं. थर जाड लावला की जांभळट पापुद्रा धरतो आणि निघतो. शेवटी वस्तू हाताला सोसेल इतकी कोमट करून मायक्रोक्रिस्टलाइन मेण कापडाने लावावं आणि पुसून घ्यावं. हरड्याच्या काढ्यातही टॅनिन असतं, पण त्यात बाकीचं पुष्कळ असतं, म्हणून प्रयोगशाळेच्या दुकानातलं घ्या. मूळ रंग शिल्लक असलेल्या भागाला, उदाहरणार्थ डंपरच्या दारावरच्या आकड्याला, हा द्राव लागू देऊ नका.

समुद्रातून किंवा खाडीतून निघालेलं लोखंड, म्हणजे बार्जची (माल वाहणाऱ्या सपाट बोटीची) साखळी किंवा नांगर, वाळू द्यायचं नाही. वाळलं की आतला क्षार स्फटिक होऊन थर फोडतो. गोड्या पाण्यात ५ टक्के धुण्याचा सोडा घालून त्यात बुडवून ठेवावं आणि धातूसंवर्धन जाणणाऱ्याला गाठावं. हे काम महिन्यांचं आहे.

मोठी यंत्रं बाहेरच राहणार. त्यांना वर छप्पर, खाली चिऱ्यांचे ठोकळे, चाकं मातीला टेकलेली नकोत. बॅटरी, डिझेल, तेल काढून टाका. जिथे पाणी साचतं तिथे पालापाचोळाही साचतो, म्हणून ती जागा महिन्यातून एकदा हाताने साफ करावी. जुन्या ब्रेकच्या अस्तरात आणि गॅस्केटात ॲस्बेस्टॉस असू शकतो, त्याची धूळ श्वासात जाणं घातक, म्हणून त्यावर हवेचा झोत मारू नये.

मस्टर, पगारपत्रकं, फोटो

पहिली गोष्ट, टाचण्या आणि स्टेपल काढा, त्यांचा गंज कागद खातो. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, इस्त्री नको. घडी मोडायची असेल तर कागद दोन कोऱ्या, आम्लमुक्त कागदांत घालून वर सपाट फळी आणि वजन ठेवून आठवडाभर सोडा. बुरशी दिसली तर तो कागद लगेच वेगळ्या पिशवीत. पुसायचा नाही. कोरड्या दिवशी, बाहेर, एन-९५ मुखपट्टी लावून मऊ ब्रशने झाडायचा. पोथीसारखी बासनात बांधण्याची आपली जुनी रीत चांगली आहे, फक्त कापड रंग न सोडणारं, धुतलेलं, सुती असावं.

छप्पर गळून कागद भिजले तर ४८ तासांत बुरशी धरते. तेवढ्या वेळात वाळवणं शक्य नसेल तर पानं उलगडत बसू नका. गठ्ठे तसेच पिशव्यांत घालून मासळीच्या शीतगृहात गोठवा आणि पाऊस ओसरल्यावर थोडे थोडे काढून वाळवा. शीतगृहाच्या मालकाशी हे बोलणं मे महिन्यातच करून ठेवावं.

कुटुंबाचे फोटो स्कॅन करून अस्सल परत देणं हेच बरं. पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय, टिफ स्वरूपात, मागची बाजूही स्कॅन करावी, कारण स्टुडिओचा शिक्का तिथे असतो. काचेला चिकटलेला फोटो सोडवायला जाऊ नका, काचेसकट स्कॅन करा.

माणसांचं बोलणं

यातच संग्रहालयाचा जीव आहे आणि यालाच सगळ्यांत उशीर होतो. यादी वयाने करा, मानाने नको: सर्वांत वृद्ध माणूस पहिला. आणि फक्त ड्रायव्हर, मुकादम, सुपरवायझर यांच्यावर थांबू नका. डोक्यावरून घमेली वाहिलेल्या बायका, खानावळ चालवणारी, खाणीच्या लाल पाण्याने शेत गेलेला शेतकरी, जेट्टीवरचा खलाशी, विहीर आटलेली वाडी, खाण बंद झाल्यावर मुंबईची वाट धरलेला तरुण, या सगळ्यांचं बोलणं हवं. एका बाजूचं बोलणं असेल तर ते संग्रहालय कंपनीचं पत्रक होतं किंवा मोर्चाचं. गावात दोन्ही होतं, दोन्ही मांडा, शेजारी शेजारी.

एक बैठक ६० ते ९० मिनिटांची. पंखा आणि फ्रिज बंद. पाऊस असेल तर कौलाखालची खोली नको, आवाज गिळला जातो. फोन चालेल, पण कॉलरचा मायक्रोफोन लावा आणि वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ध्वनिमुद्रण करा. सुरुवातीला माणसाचं नाव, गाव, तारीख त्याच्याच आवाजात. पहिला प्रश्न मोठा नको. ‘खाणीनं गावाला काय दिलं?’ असं विचारलं की भाषण मिळतं. ‘सकाळी घरातून किती वाजता निघायचात? डब्यात काय असायचं? भोंगा कुठे वाजायचा? पगार कोणत्या वारी, रोख की कसा?’ असं विचारलं की माणूस त्या दिवसात परत जातो. हातात एखादी वस्तू द्या. घमेलं उचलताना आज्जी आपोआप चुंबळ कशी करायची ते दाखवते.

अपघात, छातीचा आजार, जमिनीचे व्यवहार, नोकरी कोणाला मिळाली आणि कोणाला नाही, हे विषय निघतील. ध्वनिमुद्रण थांबवायचं स्वातंत्र्य आधीच सांगा. संमतीपत्रात ‘आता ऐकवा’, ‘माझ्यानंतर ऐकवा’, ‘फक्त लिहून ठेवा’ असे तीन पर्याय द्या आणि ते पाळा. एकदा शब्द मोडला की त्या वाडीतलं कोणीच पुन्हा बोलत नाही. फायलीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक गावाबाहेर.

मांडणी

एका भिंतीवर पाच ते सात वस्तू पुरतात. पाटी ५० ते ६० शब्दांची, २४ पॉइंटपेक्षा मोठी अक्षरं, मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंटिमीटरवर. त्यात वस्तूचं वर्णन नको, ते दिसतंच आहे. कोणाची, कुठली आणि तिच्याने काय व्हायचं ते लिहा, जमेल तिथे सांगणाऱ्याच्याच मालवणी शब्दांत. कागद, फोटो, कापड यांवर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त उजेड नको. मस्टरची हुबेहूब प्रत लावा आणि अस्सल डब्यात राहू द्या.

मुलांसाठी एक टेबल दगडांचं ठेवा. सारख्या आकाराचा चिऱ्याचा तुकडा आणि लोहखनिजाचा तुकडा दोन हातांत द्या, खनिज जवळपास दुप्पट जड लागतं. मग न्हाणीघराच्या टाइलची मागची खरबरीत बाजू द्या आणि दगड घासायला सांगा. हेमॅटाइटची रेघ तांबूस लाल, गोएथाइटची पिवळट तपकिरी, मॅग्नेटाइटची काळी. बाहेरून तिन्ही दगड काळपट दिसले तरी रेघ चुकत नाही. डोंगर का खणला ते मुलांना इथेच कळतं.

शेजारी गावाचा मोठा नकाशा हवा: खाणीच्या आधीचे झरे, विहिरी, पायवाटा एका रंगात, नंतरचे खड्डे, मातीचे ढीग, ट्रकचा रस्ता दुसऱ्या रंगात. म्हाताऱ्या माणसांना दुरुस्ती करू द्या, त्यासाठी पेन्सिल दोरीने बांधून ठेवा आणि महिन्याने त्या दुरुस्त्या वहीत चढवा. पाण्याने भरलेल्या जुन्या खाणीकडे मात्र सहल नेऊ नये. कडा सरळ उतरतात, पावसात ढासळतात आणि पाणी काठालाच खोल असतं. लांबून, कठड्यामागून दाखवा.

पावसाळ्यातली फेरी

किल्ल्या दोन माणसांकडे, दोन वेगळ्या वाड्यांतल्या. जून ते सप्टेंबर आठवड्यातून दोन फेऱ्या, आणि रात्रभर झड लागली तर सकाळी तिसरी. प्रत्येक फेरीत आतला-बाहेरचा आकडा, डब्यांतले आकडे, माळ्याखालचे डाग, कपाटामागे बॅटरी, पन्हळीतला पाला, चराचं तोंड. सगळं मिळून २० मिनिटं. हे वेगळ्या वहीत वेळेसह लिहायचं. दोन वर्षांच्या आकड्यांवरून कोणती भिंत आधी ओलावते ते दिसतं आणि कपाट कुठे हलवायचं त्यावर वाद होत नाही.

दसऱ्यानंतर, उन्हं तापली की, तपासणीचा एक दिवस ठेवा. वहीतून डोळे मिटून २० क्रमांक काढा आणि त्या वस्तू शोधा. मग फळ्यांवरून कोणत्याही २० वस्तू उचला आणि त्यांची नोंद वहीत शोधा. दोन्ही बाजूंनी न जुळलेल्यांची यादी त्याच संध्याकाळी करायची आणि ती संपेपर्यंत नवी वस्तू घ्यायची नाही.